पाटीची चौकट, घडीचे झाकण

समीक्षेने कशाची दखल घ्यावी याविषयी आपल्याकडे एक अलिखित शिष्टाचार आहे. कादंबरी, काव्य, नाटक, फार तर चित्रपट, यांच्यापलीकडे टीकाकाराने पाऊल टाकायचे नसते. कुलूप, छत्री, दप्तर या वस्तू वापरायच्या आणि मोडल्या की टाकायच्या. त्यांच्यावर लेख लिहायचा नाही. हा शिष्टाचार मला कधी पटलेला नाही. कोणीतरी डोके चालवून, हे ठेवू की ते गाळू असा विचार करून जी गोष्ट घडवली, तिच्यात घडवणाऱ्याची दृष्टी उमटतेच. मग ती शोकांतिका असो की छत्रीची मूठ. म्हणून यंदा परीक्षणासाठी मी घेतले आहे ते टॅब्लेटचे घडीचे कव्हर. दुकानदार त्याला फ्लिप कव्हर म्हणतो, आणि भाऊबीजेला घरात टॅब्लेट आला की दुसऱ्याच दिवशी ते आणायला आपण बाहेर पडतो.

माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. मी शाळेत कार्यानुभव शिकवतो, म्हणजे मुख्यतः कागदकाम आणि पुठ्ठाकाम. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत घडी नीट पडली नाही तर सगळे काम वाया जाते. शिवाय कादंबरीकाराला कव्हराचे एक खास दुःख ठाऊक असते. माझ्या एका कादंबरीचे मुखपृष्ठ इतके देखणे निघाले की नातेवाईकांनी ती दर्शनी कपाटात लावून ठेवली; बांधणी मात्र अशी की ज्या मोजक्या लोकांनी ती वाचायला घेतली, त्यांच्या हातात तिसरे प्रकरण सुटे होऊन आले. तेव्हापासून देखणे झाकण दिसले की मी आधी पाठ तपासतो.

प्रत्येक वाङ्मयप्रकारात एखादी कृती अशी असते की पुढच्या सगळ्यांचे गुणदोष तिच्यातच सापडतात. घडीच्या कव्हरांत ते स्थान ॲपल कंपनीच्या ‘स्मार्ट कव्हर’चे आहे. आयपॅड अमेरिकेच्या बाजारात आला एप्रिल २०१० मध्ये. त्याच्या जोडीला कंपनीने विकायला ठेवलेले कव्हर काळे, मऊ आणि यंत्राला सगळीकडून आवळून धरणारे होते. त्याचा पुढचा पदर मागे वळवून खाचेत खोचला की यंत्र तिरपे उभे राही. त्याची उपयुक्तता कोणी नाकारली नाही आणि त्याच्यावर कोणी प्रेमही केले नाही. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०११ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड २ लोकांपुढे मांडताना स्टीव्ह जॉब्स यांनी एक नवे कव्हर दाखवले. एका झाकणासाठी एवढ्या मोठ्या समारंभात स्वतंत्र वेळ काढला गेला, यावरून कंपनीला त्याचा किती अभिमान होता ते कळते.

आणि अभिमान वाटावा असेच ते होते. चार पट्ट्यांचे एक पान आणि एका कडेला ॲल्युमिनियमची बिजागरी, एवढाच त्याचा संसार. यंत्राला मिठी नाही, पट्टा नाही, बटण नाही. बिजागरी यंत्राच्या कडेजवळ नेली की दोन्हींतली लोहचुंबके एकमेकांना ओळखतात आणि पान टक् आवाज करून आपल्या जागी बसते; तिरके बसवायचे म्हटले तरी बसत नाही. आयफिक्सिट नावाची, यंत्रे उकलून पाहणारी एक अमेरिकन मंडळी आहे. तिने हे कव्हर फाडून मोजले तेव्हा त्यात २१ लोहचुंबके निघाली आणि यंत्राच्या पोटात आणखी १०. पान उघडले की यंत्र जागे होते, मिटले की झोपते. ही जादू नव्हे. लोहचुंबक जवळ आले की वीजवाहक पट्टीत आडव्या दिशेने विद्युत्दाब उत्पन्न होतो, हे एडविन हॉल या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवले होते. त्याच तत्त्वावरची एक इवलीशी चकती यंत्राच्या कडेला बसून पान आले की गेले ते पाहत असते. दिवाणखान्यातल्या दारामागे उभ्या असलेल्या जुन्या गड्यासारखी.

पण खरी करामत आहे ती घडीची. पान मागे गुंडाळले की तीन पट्ट्यांचा त्रिकोण होतो आणि चौथी एकीवर चिकटून त्याला कुलूप घालते. हा त्रिकोण मागे टेकवला तर यंत्र चित्र पाहण्यासाठी उभे राहते. तोच खाली ठेवला तर लिहिण्यासाठी उतरते होते.

आपल्या घरांतून पोथी वाचली जाई तेव्हा तिच्यासाठी दोन वस्तू असत. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये धरून त्यावर बासन गुंडाळलेले असे, आणि वाचायला बसताना ठवणी पुढे येई. ठवणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी कोणा जुन्या घरच्या देवघरात चौकशी करावी. एकाच फळीतून कोरून काढलेले तिचे दोन पंख एकमेकांत अडकलेले असतात. खिळा नाही, सरस नाही. उघडली की फुलीसारखी उभी, मिटली की पुन्हा फळी. बासन झाकी आणि ठवणी धरी. पोथी सुटली की बासन बापडे बाजूला चोळामोळा होऊन पडे. त्याला पुन्हा पोथी मिटेपर्यंत काम नसे. स्मार्ट कव्हराने बासनालाच ठवणी केले. झाकण्याचे काम संपते तेथेच धरण्याचे काम सुरू होते आणि कोणतीही गोष्ट रिकामी बसत नाही. आशय आणि आकृती यांच्या एकरूपतेवर आपले टीकाकार पानेच्या पाने लिहितात; त्यांनी एखादा दिवस हे चार पट्ट्यांचे पान मेजावर ठेवून उघडझाप करून पाहावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

स्तुती झाली. आता आक्षेप, आणि तो लहान नाही.

टॅब्लेट या शब्दाचा जुना अर्थच पाटी असा आहे. तेव्हा पाटीलाच साक्षीला बोलावू. दगडी पाटी ज्यांनी हाताळली त्यांना आठवेल की तिला झाकण कधीच नव्हते. तिला चौकट होती. चारी कडांना लाकडाची पट्टी आणि पुष्कळदा कोपऱ्यांवर पत्र्याचा तुकडा. पाटी बनवणाऱ्या अनाम कारागिराने कोठल्या विद्यापीठात आरेखनशास्त्राचे धडे घेतले नव्हते. पण पाटी कशी फुटते हे त्याने पाहिले होते. ती तोंडावर घासून फुटत नाही, ती हातातून निसटते आणि कोपऱ्यावर पडते. म्हणून त्याने सगळे लाकूड कडेला खर्च केले आणि तोंड उघडे ठेवले. घडीच्या कव्हराने नेमके उलटे केले आहे. त्याने तोंड झाकले आणि कडा उघड्या टाकल्या.

काचेचा स्वभाव पाहिला तर पाटीवाल्याचे म्हणणे किती खरे होते ते पटते. काच दाबाला चिवट असते, ताणाला दुबळी. सपाट पडली तर आघात साऱ्या अंगावर वाटला जातो. कोपऱ्यावर पडली तर यंत्राचे सगळे वजन आणि सगळा वेग नखाएवढ्या जागेवर येतो. कोपऱ्याचा धातू आत दबतो, तो काचेच्या कडेला ढकलतो, आणि काचेची कड हीच तिची सर्वांत दुबळी जागा, कारण कापताना राहिलेल्या सूक्ष्म भेगा तेथेच असतात. एक भेग चालू लागली की ती पलीकडच्या कडेला पोचूनच थांबते. ज्यांच्या घरी टॅब्लेट फुटला आहे त्यांनी तो काढून पाहावा. जाळे बहुधा एका कोपऱ्यातून पसरलेले दिसेल.

मग ज्यांनी एकतीस लोहचुंबकांचा हिशेब चोख बसवला त्यांना हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक असणारच. पण त्यांना त्या यंत्राची ॲल्युमिनियमची पाठ झाकायची नव्हती. पहिला आयपॅड १३.४ मिलिमीटर जाड होता, दुसरा ८.८ वर आला. एवढ्या मेहनतीने बारीक केलेल्या देहावर जाड अंगरखा चढवायचा कोणाच्या जिवावर येणार नाही? स्मार्ट कव्हर हे यंत्राच्या सौंदर्याचे रक्षण करते. ते यंत्राचे रक्षण करते असा आपला समज होतो, कारण आपल्या भाषेत कव्हर म्हणजे संरक्षण. दोहोंत अंतर आहे, आणि ते अंतर फरशीवर कळते. पुढे २०१२ साली कंपनीने पाठीसकट सगळे झाकणारे ‘स्मार्ट केस’ काढले, म्हणजे आक्षेप तिच्याही कानावर गेला होता म्हणायचा. तरी २०१८ साली आयपॅड प्रोसाठी जे नवे ‘फोलिओ’ निघाले, त्यात पाठ झाकली होती, तोंड झाकले होते, आणि कडा पुन्हा उघड्याच होत्या. हा विसर नव्हे, ही आवड आहे. लेखकाच्या आवडीवर टीकाकाराने रागावू नये म्हणतात. पण त्या आवडीची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल तर रागवावे.

किंमत कोण मोजतो तेही सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर नि टॅब्लेटवर गेला. शाळा उघडल्या तरी टॅब्लेट शाळेत राहिले. आमच्यासारख्या शाळेत ते देणगीतून येतात आणि चार मुलांत एक असा हिशेब बसतो. एक फुटला की चार मुलांचा पाठ बुडतो, आणि काच बदलण्याचा खर्च ऐकून मुख्याध्यापक तो टॅब्लेट कपाटात ठेवतात. ज्या मुलाच्या हातून तो पडला ते मूल त्यानंतर टॅब्लेटला हात लावायला भिते. शिकायच्या वस्तूची मुलाला भीती बसणे, हे नुकसान कोणत्याही देयकात येत नाही. म्हणून कोपरा हा माझ्या दृष्टीने तांत्रिक तपशील नाही.

अर्थात अमेरिकेतले ३९ डॉलरचे मूळ कव्हर आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असणार? आपल्या हातात येते ती त्याची बाजारी आवृत्ती. भाषांतराचे भाषांतर व्हावे तसे तिच्यात मूळ कृतीचे दोष जसेच्या तसे उतरतात आणि गुण वाटेत गळतात. पाठीला कडक प्लास्टिकचे ताट, पुढे तीन पट्ट्यांचे झाकण, वरून कातड्यासारखा दिसणारा लेप. ताट कोपरे झाकते, हा त्याचा एक गुण मानावा लागेल. पण कडक प्लास्टिक आघात गिळत नाही, तो पलीकडे पोचवते. दोनचार पडण्यांत त्याचाच कोपरा तडकतो आणि मग ते यंत्राला धरीनासे होते. मऊ, रबरासारख्या प्लास्टिकचे ताट याहून पुष्कळ बरे. दुकानात अंगठ्याने कोपरा दाबून पाहावा. दबला पाहिजे, आणि सोडल्यावर जागेवर आला पाहिजे.

लेपाविषयी कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना मी काय सांगावे! तो बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, कापडावर ओढलेला. ओल आणि उष्मा यांनी त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तुटत जातात. दोन पावसाळे झाले की त्याचे पापुद्रे सुटतात आणि दप्तरात, हाताला, भावंडांच्या गणवेशाला चिकटतात. पहिला तडा नेहमी घडीवर. कारण ताण तेथे, आणि दोष बहुधा तेथल्या मापात असतो.

हे माप काय ते थोडे फोडून सांगतो, कारण पुठ्ठाकामाच्या तासाला निम्मी मुले येथेच अडतात. कागदाची घडी घालताना कागदाला जाडी नाही असे आपण धरून चालतो. पुठ्ठ्याला जाडी असते. दोन पुठ्ठे शेजारी ठेवून वरून कापडाची पट्टी चिकटवली आणि ते समोरासमोर मिटले, तर त्या कापडाला दोन्ही पुठ्ठ्यांच्या जाडीवरून वळसा घ्यावा लागतो. म्हणून दोहोंत निदान दुप्पट जाडीइतकी फट सोडायची. दोन मिलिमीटरचा पुठ्ठा असेल तर चार मिलिमीटर. फट कमी ठेवली की पुस्तक मिटत नाही, बळेच मिटले तर कापड फाटते. फट फार ठेवली की पाठ लुळी पडते. जुन्या कापडी बांधणीच्या पुस्तकाला पाठीलगत जी उभी पन्हळ दिसते, ती शोभेची नसते, ती हीच फट. स्वस्त कव्हर करणारा सामान वाचवण्यासाठी किंवा पान सपाट दिसावे म्हणून ही पन्हळ अरुंद ठेवतो. विकत घेताना ते झाकण सुंदर दिसते, आणि दिवसातून वीस वेळा उघडमीट झाली की लेप घडीवर ताणला जाऊन फुटतो. माझ्या त्या कादंबरीच्या पाठीलाही पन्हळ नव्हती.

पन्हळ बरोबर ठेवली तर दुसरीच गंमत होते. पट्ट्या स्क्रीनला टेकतात, पन्हळ टेकत नाही. आतले मऊ अस्तर म्हणे काच पुसून काढते. ते पुसते खरे, पण पट्ट्यांपुरते. म्हणून अशा टॅब्लेटच्या काचेवर उघडताच धुळीच्या दोन-तीन उभ्या रेघा दिसतात, अंगणात झाडलोट करताना केरसुणी जेथे पोचली नाही तेथे राहतात तशा. हा दोष असाध्य आहे आणि मला तो काहीसा आवडतो. घडी आहे तेथे घडीची खूण राहणारच.

आता उभे राहण्याविषयी. त्रिकोणाच्या ठवणीला एक गोष्ट लागते ती म्हणजे कठीण, सपाट मेज. कॅलिफोर्नियातल्या आरेखकापुढे ते होते. आमची मुले सतरंजीवर बसतात. घरी गोधडीवर, उंबऱ्यावर, आजीच्या शेजारी खाटेवर. मांडीवर ठेवताच त्रिकोण उलगडतो. उभ्या अवस्थेत स्क्रीनच्या वरच्या भागावर बोट टेकवले तर यंत्र मागे कलते. म्हणून मूल एका हाताने ते धरते आणि दुसऱ्याने टिचक्या मारते. मग लिहायचे कोणत्या हाताने? मायक्रोसॉफ्टने २०१२ साली ‘सरफेस’ काढताना टेकूच यंत्राच्या पाठीला जोडून टाकला आणि कव्हराला त्या कामातून मोकळे केले. तोडगा सरळ आहे, पण तोही मेजावरच्याच माणसाचा. त्याची पातळ कड मांडीत रुतते.

हे केवळ सोयीचे प्रश्न असते तर मी एवढी शाई खर्च केली नसती. घडी ज्या कोनात वस्तू धरते त्या कोनातच आपण ती वापरतो. लिहायला उतरता कोन लागतो, पाहायला उभा. जुन्या पेढीवर मुनीमजींपुढे उतरते मेज असे. त्याचा उतार पाहूनच कळे की येथे लिहिणे चालते. बाजारातली बहुतेक घडीची कव्हरे उभ्या कोनात ऐटीत राहतात आणि उतरत्या कोनात अंग चोरतात. दुकानात ती मांडलेलीही उभीच असतात, समोर रंगीत चित्र लावून. वर्गात याचा परिणाम मी रोज पाहतो. उभा टॅब्लेट दिसला की मुले हात मांडीवर घेऊन प्रेक्षक होतात. तोच उतरता ठेवला की आपोआप पुढे वाकतात आणि बोट चालवतात. टॅब्लेटने शिक्षण सुधारते की बिघडते यावर सभा भरतात. त्या सभांत कोणी कोनाचे नाव काढल्याचे मी ऐकलेले नाही.

खोक्यावर ‘लष्करी दर्जा’ असे छापलेल्या कव्हरांचाही येथे समाचार घेतला पाहिजे, कारण दिवाळीत त्यांचा खप मोठा. अमेरिकन संरक्षण खात्याचे १९६२ सालापासूनचे एक चाचणी-शास्त्र आहे, त्याला मिल-स्टँडर्ड ८१० म्हणतात. त्यातल्या एका चाचणीत वस्तू सुमारे १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा पाडतात. सव्वीसच का? चौकोनी वस्तूला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे, बेरीज २६. ही बेरीज मला फार आवडली. पाटीवाल्याला जे एका नजरेत कळले ते लष्कराने मोजून लिहून ठेवले. बाजूंपेक्षा कडा जास्त, आणि पडायचे बहुतेक प्रकार कडांचे नि कोपऱ्यांचे! तथापि दोन गोष्टी खोक्यावर नसतात. ती वस्तू पडते ती काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंच प्लायवुडवर, आणि सव्वीस पडणी पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. शिवाय दर्जाचे प्रमाणपत्र देणारे खाते कोणी नाही. कारखानदार स्वतःच चाचणी घेतो आणि स्वतःच पास होतो. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या उत्तरपत्रिका आपणच तपासल्या तर निकाल उत्तम लागेल, पण पालक विचारतील.

याच्या उलट, लहान मुलांसाठी मिळणारी फुगीर फोमची कव्हरे. भडक निळी किंवा गुलाबी, अंगठ्याएवढे जाड कोपरे, मागे धरायला मूठ आणि तीच वळवली की टेकू. रसिक माणसाने पाहून नाक मुरडावे अशी. पण ती खरे बोलतात. पाटीच्या चौकटीचे वंशज शोधायचे तर येथेच सापडतील. माझी तक्रार एवढीच की त्यांनी पाटीचे अनुकरण जरा जास्तच केले आणि तोंडही उघडे ठेवले. पाटीचे तोंड उघडे चालते, कारण ओरखडा उमटवणे हेच तिचे काम. टॅब्लेट दप्तरात जातो तेव्हा त्याच्या शेजारी कंपासपेटी असते, पेटीचे झाकण कधी नीट लागलेले नसते, आणि कर्कटकाचे टोक काय करते ते मला सांगायला नको. तेव्हा झाकण हवेच. घडीचे कव्हर अजिबात नको असे माझे म्हणणे नाही. त्याच्यात चौकट नाही हे माझे म्हणणे आहे.

मध्येच एक घरगुती सूचना, कारण हा अंक आजोबांच्याही हातात जाईल. घडीच्या कव्हरांत लोहचुंबके असतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेले आहे, त्यांनी असा टॅब्लेट वाचता वाचता छातीवर ठेवून डोळा लावू नये. लोहचुंबक फार जवळ आले तर त्या यंत्राच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. निदान पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. अशा घरासाठी नाडीचे किंवा इलास्टिकचे झाकण उत्तम.

नाडी म्हटले म्हणून सांगतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी टॅब्लेटचे कव्हर हाच प्रकल्प दिला. अट एकच, मेज न वापरता त्यावर लिहिता आले पाहिजे. बहुतेकांनी बाजारातल्या कव्हराची पुठ्ठ्यात नक्कल केली, आणि ती मांडीवर कोसळली. एका मुलीने मात्र आधी तळाला टॅब्लेटहून बोटभर मोठी अशी पुठ्ठ्याची एक फळी घेतली. तिच्यावर टॅब्लेट धरणारे दुसरे पान एका कडेने मांजरपाटाच्या पट्टीने जोडले, पन्हळ बरोबर चार मिलिमीटरची सोडून. दोन पानांमध्ये पुठ्ठ्याचा एक टेकू बसवला, त्याच्या पायातून एक नाडी ओवली आणि तिला दोन गाठी मारल्या. पहिल्या गाठीवर पान थोडे उचलते, लिहायला. दुसऱ्या गाठीवर जास्त, वाचायला. तळाची फळी मांडीवर सपाट बसते आणि त्रिकोणाच्या टेकूचा पाय नाडीने धरलेला, म्हणून तो उलगडायचा प्रश्नच नाही. वरून मुडपायचे झाकण तिने दोनच पट्ट्यांचे ठेवले. तिसरी कशाला, असे तिनेच मला विचारले. चारी कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुहेरी करून शिवले आहेत, आतली पोकळी तशीच ठेवून. मिटल्यावर तीच नाडी बासनासारखी भोवती गुंडाळून खोचायची.

दिसायला ते ओबडधोबड आहे. मांजरपाटावर शाईचा डाग आहे आणि ट्यूबवर टायरवाल्याचे ठिगळही तसेच राहिले आहे. व्हरांड्यातल्या शहाबादीवर ते माझ्यादेखत दोनदा पडले, दोन्ही वेळा कोपऱ्यावर. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खळीला बुरशी धरली, तेव्हा तिने नव्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून मांजरपाट पुन्हा चिकटवला. नाडी अजून पहिलीच आहे.